कडा उकळतात, मधलं गारच राहतं: मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं आणि बर्फ उतरवणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला राहता, दोघंही नोकरी करता, घरात आठ महिन्यांचं बाळ आणि सासूबाई. रविवारी भाज्या, आमटी करून ठेवता, चिकन आणून फ्रीजरमध्ये टाकता आणि आठवडाभर मायक्रोवेव्हवर भिस्त. भाजीच्या कडा खदखदतात, पण मध्ये गार गोळा राहतो. चिकनचा बर्फ उतरवताना कडेचे तुकडे पांढरे पडून शिजतात आणि मधला ठोकळा तसाच. पोळी चिवट होते. बाळाचं दूध यात गरम करू नये असं सासूबाई म्हणतात, ते खरं का? आणि मशीन बदलावं का?

मशीन बदलू नका. ८०० वॅटचं साधं मशीन या सगळ्या कामांना पुरतं. मी पुण्यात मायक्रोवेव्हच्या स्वयंपाकाचे वर्ग बरीच वर्षं घेते आहे आणि ज्यांच्या घरी हीच तक्रार असते तिथे एक गोष्ट हमखास दिसते: पॉवरच्या बटणाला कुणी हातच लावलेला नसतो. सगळं शंभर टक्क्यांवर, तीस सेकंदांचं बटण दाबत दाबत. तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

मायक्रोवेव्ह अन्नाला आतून बाहेर तापवतो, हा समज आधी काढून टाका. आतला मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, त्यांची लांबी साधारण १२ सेंटिमीटर. त्या लहरींबरोबर पाण्याचे रेणू सारखी दिशा बदलू पाहतात, शेजारच्यांना धक्के देतात आणि त्यातून उष्णता तयार होते. पण भाजी-आमटीसारख्या ओल्या अन्नात दोन-तीन सेंटिमीटर आत जाईपर्यंत लहरींचा जोर बराच ओसरतो. त्यापुढचा भाग तापतो तो शेजारच्या गरम भागाकडून उष्णता सरकत येते म्हणून, आणि हे सरकणं फार सावकाश होतं. पदार्थात मीठ असेल तर लहरी आणखी वरच्यावर अडतात. म्हणून साधं पाणी बऱ्यापैकी सारखं तापतं आणि मिठाची दाट आमटी मात्र कडेला उकळते, मध्ये गार.

दुसरं कारण मशीनच्या आतल्या भिंतींचं. लहरी भिंतींवर आपटून परत येतात, एकमेकींत मिसळतात, आणि काही जागी जोर वाढतो, काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उडदाचा पापड आत भाजून बघा. एक पट्टा फुललेला आणि शेजारचा कच्चा, असा नकाशाच उमटतो. काचेची फिरती थाळी असते ती यासाठीच, पदार्थाला सगळ्या जागांतून फिरवून आणण्यासाठी. मात्र थाळीचा बरोबर मधला भाग कितीही फिरला तरी जागच्या जागीच राहतो. तिथे जोर कमी असेल तर तो शेवटपर्यंत कमीच. तुमची वाटी तुम्ही नेमकी तिथे ठेवता, सगळेच ठेवतात.

आता पॉवरचं. साध्या मशीनमध्ये ५० टक्के म्हणजे लहरी अर्ध्या जोराच्या होत नाहीत. मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण जोरात चालतो आणि तितकेच सेकंद बंद राहतो. कान देऊन ऐका, घरघर वाढते, थांबते, पुन्हा वाढते. ज्या मशीनवर इन्व्हर्टर लिहिलेलं असतं तिथे जोर खरोखरच कमी होतो. दोन्हींत फायदा तोच: कडेची उष्णता आत सरकायला वेळ मिळतो. भात शिजल्यावर झाकण न काढता वाफ मुरू देतो, तसंच हे मुरणं आहे. पदार्थ बाहेर काढल्यावर झाकून दोन मिनिटं ठेवणं हा याच कामाचा उरलेला भाग आहे, त्याला वाट बघणं समजू नका. मशीन बंद झाल्यावर आत लहरी शिल्लक राहत नाहीत, शिल्लक राहते ती फक्त उष्णता, आणि ती या दोन मिनिटांत कडेकडून मध्ये जाते.

वेळ किती लावायची याचा अंदाज हिशोबाने येतो. फ्रीजमधली ५ अंशांची २०० ग्रॅम आमटी ७५ अंशांपर्यंत न्यायला ८०० वॅटला साधारण ७५ सेकंद लागतात. दोन वाट्या ठेवल्या तर जवळजवळ दुप्पट. मशीनमधून निघणारी ऊर्जा तेवढीच असते, खाणारे दोन झाले की ती वाटली जाते. म्हणूनच चौघांची लिटरभर आमटी मी गॅसवरच गरम करते, मायक्रोवेव्हमध्ये तिला सहा-सात मिनिटं लागतील आणि मध्ये दोनदा ढवळावं लागेल ते वेगळंच. एक-दोन वाट्यांचं काम या मशीनचं, पातेल्याचं काम गॅसचं.

पाककृतीत दिलेल्या वेळा तुमच्या मशीनला लागू होत नाहीत असं वाटत असेल तर एकदा मशीनचा खरा जोर मोजून घ्या. एक लिटर साधं पाणी काचेच्या भांड्यात घ्या, तापमान मोजा, बरोबर एक मिनिट पूर्ण पॉवरवर चालवा, ढवळून लगेच पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा, उत्तर वॅटमध्ये येतं. ११ अंश वाढले तर साधारण ७७० वॅट. जुन्या मशीनमध्ये हा आकडा उतरलेला दिसतो, मग वेळ त्या प्रमाणात वाढवायची. स्वयंपाकाचा थर्मामीटर यासाठी घ्याच, पुढे चिकनलाही लागेल. तो बरोबर आहे का हे उकळत्या पाण्यात तपासताना एक लक्षात ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ९८ दिसलं म्हणून थर्मामीटर परत करायला जाऊ नका.

भाजी गरम करण्याची पद्धत अशी. खोलगट वाटीत डोंगर करण्याऐवजी पसरट काचेच्या किंवा चिनीमातीच्या ताटलीत भाजी कडेकडेने पसरा आणि मधोमध खड्डा ठेवा. कोरडी भाजी असेल तर चमचाभर पाणी शिंपडा. झाकण ठेवा, पण वाफेला वाट राहू द्या. ७० टक्क्यांवर एक मिनिट, बाहेर काढून कडेचं मध्ये आणि मधलं कडेला करा, पुन्हा पाऊण मिनिट, मग झाकून दोन मिनिटं बाहेर. झालं की नाही ते ताटलीच्या तळाला मधोमध बोट लावून कळतं, तळ गार तर मधलं गार. आदल्या दिवशीचं अन्न नुसतं कोमट करू नका, मध्यापर्यंत ७४ अंश झालं पाहिजे, म्हणजे जीभ भाजेल इतकं. नंतर हवं तेवढं निववून खा.

काही पदार्थ मात्र आपापला स्वभाव दाखवतात. पिठलं दाट असतं, खालची वाफ वर यायला जागा नसते, मग ते फटकन उडतं आणि मशीनचं छप्पर रंगवतं. त्याला ५० टक्के आणि दर अर्ध्या मिनिटाला ढवळणं. कढीही ५० टक्क्यांवर, उकळी येऊ न देता, नाहीतर फुटते. भरल्या वांग्यांची साल आतली वाफ धरून ठेवते आणि वर तेलाचा तवंग असतो, तो पाण्यापेक्षा जास्त तापू शकतो, म्हणून प्रत्येक वांग्याला काट्याने टोचा आणि झाकण घट्ट लावू नका. पुरणपोळीत वरची पोळी कोमट लागते तेव्हा आतलं पुरण चटका देण्याइतकं तापलेलं असतं, कारण गुळा-साखरेचं सारण उष्णता चटकन घेतं. तिला तव्यावर तूप सोडून गरम करणं हेच खरं, पण तवा नसेल तर ५० टक्क्यांवर वीस सेकंद आणि मग मिनिटभर थांबा. साबुदाण्याची खिचडी ताकाचा हबका मारून, झाकून, कमी पॉवरवर सुटते. पूर्ण पॉवरवर कडेचा साबुदाणा दगड होतो. वडा, भजी, समोसा यांचा कुरकुरीतपणा इथे परत येत नाही, आतलं पाणी बाहेर येऊन आवरणातच मुरतं. ते तव्यावर किंवा ओव्हनमध्ये करा. उकडलेलं अंडं सालीसकट किंवा सोललेलं, अख्खं कधीच ठेवू नका. ते आत नाही फुटलं तरी बाहेर काढून चावा घेताना फुटतं आणि तोंड भाजतं.

पोळीचं म्हणाल तर दोष वेळेचा आहे. पोळी पातळ, तिच्यात पाणी थोडं. पोळी किंवा भात फ्रीजमध्ये ठेवला की त्यातला स्टार्च घट्ट होत जातो, आणि फ्रीजच्या ४-५ अंशांना हे फ्रीजरपेक्षाही वेगाने होतं. साठ अंशांच्या वर गेलं की हा घट्टपणा बराचसा सुटतो, म्हणून गरम पोळी मऊ लागते. पण तुम्ही दोन मिनिटं लावता तेव्हा पाणी उडून जातं, आणि मग निवताना ती दुप्पट चिवट होते. दोन पोळ्या ओलसर सुती फडक्यात गुंडाळा, फडकं पिळून घेतलेलं हवं, आणि १५ ते २० सेकंद, त्यापुढे नाही. लगेच वाढा. आठवड्याच्या पोळ्या करून ठेवायच्याच असतील तर फ्रीजमध्ये न ठेवता मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागतील तेवढ्याच काढा. भाकरीत ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, ती लवकर भुसभुशीत होते. पाण्याचा हात फिरवून वीस सेकंद, किंवा सरळ दुधात, ताकात कुस्करून खा, मला ती तशीच आवडते.

भाताबद्दल मात्र थोडं कडक बोलते. आपल्याकडे रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा, ही पद्धत घरोघरी आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवल्याने मरत नाहीत. भात उबदार राहिला की ते वाढतात, आणि त्यांचा एक विषारी पदार्थ इतका चिवट आहे की नंतर फोडणी दिली, मायक्रोवेव्हमध्ये वाफाळेपर्यंत तापवला तरी तो नष्ट होत नाही. उलट्या त्यानेच होतात. पुण्याचा एप्रिल-मे आठवा, स्वयंपाकघर रात्रीही तीस अंशांच्या आसपास असतं. तेव्हा जेवणं झाली की उरलेला भात ताटात पसरा, तासाभरात निववून फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा आणि गरम एकदाच करा. फोडणीचा भात त्या फ्रीजमधल्या भाताचा उलट जास्त मोकळा होतो. इतर शिजवलेल्या अन्नालाही बाहेर दोन तासांची मर्यादा धरा.

आता चिकन, कारण इथे लोकांचा सगळ्यात जास्त वैताग होतो आणि धोकाही इथेच जास्त.

बर्फात पाण्याचे रेणू जागच्या जागी अडकलेले असतात, लहरींबरोबर हलू शकत नाहीत. त्यामुळे बर्फ या लहरी जवळजवळ शोषतच नाही. पण कडेचा एखादा कोपरा वितळला की तिथे पाणी झालं, आणि पाणी त्याच लहरी भराभर शोषतं. तो कोपरा तापतो, शेजारचं वितळतं, आणखी शोषतं. बघता बघता कडेचा तुकडा शिजतो आणि मधला ठोकळा दगडच राहतो. पूर्ण पॉवरवर हे थांबवणं कुणालाही जमणार नाही. म्हणून डीफ्रॉस्टचं बटण असतं, आणि ते काही जादू करत नाही: पॉवर साधारण ३० टक्क्यांवर आणतं, बस.

ही वेळ किती लागते हेही समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही. एक ग्रॅम बर्फाचं पाणी करायला जी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. अर्धा किलो चिकनमध्ये पाऊण भाग पाणी. ते सगळं वितळवायला ८०० वॅटच्या मशीनला ३० टक्क्यांवर नऊ-दहा मिनिटं लागणारच, तीही मध्ये न थांबता. तुम्ही तीन मिनिटांत आटपायला बघता, म्हणून कडा शिजतात.

असं करा. दुकानातून आलेलं थर्माकोलचं ताट, प्लास्टिकची पिशवी, आतला शोषक कागद, सगळं आधी काढा. पिशवी चिकटली असेल तर बाहेरून गार पाणी सोडलं की सुटते. चिकन पसरट काचेच्या भांड्यात ठेवा, जाड तुकडे कडेला, पंखांसारखे बारीक मध्ये. ३० टक्क्यांवर तीन मिनिटं. उलटा. सुटे होतील ते तुकडे लगेच बाहेर काढून बाजूला ठेवा, बाकीचे परत आत. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा तेच. सुटलेलं पाणी ओतून टाकत जा, कारण तेच पाणी सगळ्या लहरी खाऊन बसतं. मधला गोळा बोटाने दाबल्यावर अजून कडक लागतो आहे पण सुरी घुसते आहे, अशा अवस्थेत थांबा आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. उरलेला बर्फ आपोआप उतरतो. पूर्ण मऊ होईपर्यंत मशीन चालवलंत तर काही भाग शिजणारच.

असं सोडवलेलं चिकन लगेच शिजवायचं. फ्रीजमध्ये परत ठेवून उद्या बघू, हे नाही. काही भाग कोमट झालेले असतात आणि जिवाणूंना तेवढी ऊब पुरते. मॅरिनेट करून रात्रभर ठेवायचं असेल तर बर्फ फ्रीजमध्येच उतरवा: रात्री खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात, म्हणजे पाणी दुसऱ्या अन्नावर गळणार नाही. अर्धा किलोला एक रात्र पुरते. तासाभरात हवं असेल तर न गळणाऱ्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. गरम पाण्यात किंवा ओट्यावर दुपारभर उघडं ठेवू नका. आणि शिजल्यावर थर्मामीटर सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यात, हाडाला न लावता: ७४.

मासळीला तर मायक्रोवेव्ह शेवटचा उपाय समजा. गणेश पेठेतून आणलेलं पापलेट शेपटीकडे कागदासारखं पातळ आणि मध्ये जाड, शेपूट शिजते तेव्हा पोट गोठलेलंच असतं. फ्रीजमध्ये रात्रभर, किंवा गार पाण्यात. घाईच झाली तर २० टक्क्यांवर, शेपूट खाली दुमडून, अर्धवट गोठलेलं असतानाच बाहेर काढा. हलकं गोठलेलं पापलेट कापायलाही सोपं जातं.

खरी युक्ती मात्र फ्रीजरमध्ये टाकतानाची आहे, आणि तुमच्या रविवारात ती सहज बसेल. किलोभर चिकनचा एक गोळा गोठवलात तर तो कुठल्याच मशीनमध्ये नीट सुटत नाही. लहरींची पोहोच दोन-तीन सेंटिमीटर, मग पाकीटही तेवढ्याच जाडीचं करा. एका वेळच्या मापाचं चिकन झिपच्या पिशवीत घाला, हाताने चपटं करा, हवा काढा, ताटलीवर आडवं ठेवून गोठवा. नंतर पुस्तकांसारखी उभी लावता येतात. खिमा, शिजवलेली छोले-राजमा उसळ, आमटीचं वाटण, सगळं असंच. वाटणाच्या चपट्या वडीवर सुरीच्या पाठीने रेघा मारून ठेवल्या तर हवा तेवढा तुकडा मोडून थेट फोडणीत टाकता येतो, मायक्रोवेव्हचा प्रश्नच नाही. खवलेला नारळ मूठ-मूठ करून ठेवा, त्याला वीस सेकंद बास होतात. मटार थंडीत स्वस्त होतात तेव्हा सोलून, उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालून, लगेच गार पाण्यात टाकून, कोरडे करून गोठवा. वापरताना बर्फ उतरवू नका, गोठलेलेच भाजीत घाला. आमरस मात्र मायक्रोवेव्हमध्ये सोडवू नका, कडेचा रस शिजून त्याला शिजल्या आंब्याचा वास येतो. पाहुणे येणार असतील तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. न उघडता भरलेला फ्रीजर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. खालचा फ्रीज चार तास. वितळून गरम झालेलं चिकन पुन्हा गोठवायचं नाही, एवढं पाळा.

भांड्यांचं थोडक्यात. स्टीलचा डबा नाही, अॅल्युमिनियमची फॉइल नाही, सोनेरी काठाची कपबशी नाही, चांदीचा वर्ख लावलेली मिठाई नाही, स्टेपलरची पिन लागलेला कागद नाही. मेलामाइनच्या ताटल्या दिसायला चिनीमातीसारख्या, पण त्या स्वतःच तापतात आणि अन्नात नको ते उतरतं, त्या वाढायलाच ठीक. आइस्क्रीमचे आणि श्रीखंडाचे रिकामे डबे थंड ठेवायला बनवलेले असतात, त्यात तेलाची भाजी तापवू नका. वर्तमानपत्र ताटलीखाली घालू नका, शाई आहे आणि पेटतंही. एखाद्या भांड्याबद्दल शंका असेल तर ते रिकामं ठेवून शेजारी पेलाभर पाणी ठेवा, एक मिनिट चालवा. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर चालेल, भांडं तापलं तर नाही. पाणी ठेवल्याशिवाय हे करू नका, रिकामं मशीन चालवलं की मॅग्नेट्रॉनला इजा होते. धातूची ही चाचणी घेऊ नका, ती सरळ बाद.

तुमच्या यजमानांची हिंजवडीच्या ऑफिसातली तक्रार, की रांगेत एक मिनिटच मिळतं आणि डबा कोमटच राहतो. डबा काचेचा न्या, पसरट, आणि घरूनच भाजी कडेला, मध्ये जागा ठेवून भरा. सकाळी फ्रीजमधून काढून नेलेला डबा दुपारी एकपर्यंत तसाच टेबलावर राहणार असेल तर त्याहून ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवणं बरं, मग एकाऐवजी दोन मिनिटं लागली तरी चालेल. पोळ्या वेगळ्या, भाजीच्या डब्यात नाही. भाजीला लागते ती वेळ पोळीला मारते.

मशीनच्या आत उजव्या भिंतीवर बहुधा एक पातळ पुठ्ठ्यासारखा पत्रा असतो, तो अभ्रकाचा. त्यावर तेल-मसाला साचला की तो करपतो आणि ठिणग्या उडतात, लोक घाबरून मशीन टाकून देतात. पत्रा स्वस्तात बदलता येतो, बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या भागात विचारा. आतून पुसणं रोजचं ठेवा. डाग वाळले असतील तर वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून तीन मिनिटं चालवा आणि पाच मिनिटं दार बंद ठेवा, सगळं सुटतं. बाहेरचं आवरण मात्र घरी उघडू नका. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या वरचा भार धरून असू शकतो.

सासूबाईंना या अन्नाचीच काळजी वाटते असं तुम्ही लिहिलंय. त्यांना हे नीट सांगा, उडवून लावू नका, त्या बाळाच्या काळजीने विचारत आहेत. या लहरी रडारच्याच घराण्यातल्या. १९४५ साली रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या हे तापवणं लक्षात आलं, आणि १९४७ मधलं पहिलं मशीन माणसाएवढं उंच आणि ३०० किलोंहून जड होतं. या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत, त्यांच्यात रेणू मोडण्याइतकी ऊर्जा नाही, अन्न त्यांच्यामुळे किरणोत्सर्गी होत नाही. दाराच्या काचेतली जाळी त्यांना अडवते, कारण जाळीची छिद्रं मिलिमीटरभर आणि लहर १२ सेंटिमीटरची. दार वाकडं झालं असेल, नीट बसत नसेल, कड फाटली असेल तर मात्र वापर थांबवून दुरुस्त करून घ्या. जीवनसत्त्वांचं म्हणाल तर ती जास्त पाण्यात आणि जास्त वेळ उकळण्याने जातात, थोड्या पाण्यात लवकर होणाऱ्या कामाने कमी जातात.

पण बाळाच्या दुधाबाबत सासूबाई अगदी बरोबर आहेत. आईचं दूध असो की पावडरचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. कारण तेच, ज्याने तुमच्या भाजीच्या कडा उकळतात. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा भाग जीभ भाजेल इतका तापलेला असतो. आईचं गोठवलेलं दूध रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा, पूर्ण वितळल्यापासून चोवीस तासांत वापरा. पाजायच्या आधी बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, हलक्या हाताने फिरवून मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. पावडरचं दूध बाळाने तोंड लावल्यापासून तासाभरात संपलं नाही तर उरलेलं टाकून द्या, परत गरम करून देऊ नका. आणि वरच्या आहारातली पेज किंवा मऊ खिचडी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलीत तर तळापासून ढवळा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा ढवळा, स्वतः चाखा, मग भरवा.